शिलकीतले दान

उभा जन्म बँकेत गेल्यामुळे दानधर्माकडेही मी हिशेबाच्या नजरेने पाहतो. आपण देतो ते शिलकीतून. खर्च भागून उरले तर. ख्रिस्ती परार्थ या हिशेबात बसत नाही. यरुशलेमच्या मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे दान येशूने सर्वांत मोठे मानले, कारण तिच्यापाशी शिल्लक नव्हतीच.

याचा अर्थ मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात उमगला. त्यांचे आईवडील १८७४ मध्ये दुष्काळात उपासमारीने गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. अमेरिकेतील हितचिंतकांनी कबूल केलेल्या दहा वर्षांच्या साह्याची मुदत तेव्हा सरत आली होती. अशा बेताला कुठल्याही बँकेने कर्ज दिले नसते; मीही दिले नसते. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले.

त्यांच्या धर्मांतरावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. भूक सोसलेली ही बाई दुसऱ्याच्या भुकेपुढे स्वतःची तरतूद मोजत बसली नाही, एवढे मला पुरते. माझ्या वहीत मात्र शिलकीबाहेरची एकही नोंद नाही, हे या वयात कबूल केलेले बरे.