इस्त्री न लागणारा शर्ट

परवा कपाट आवरायला घेतलं. सात फॉर्मल शर्ट निघाले, त्यातले पाच 'रिंकल-फ्री'. एकट्या राहणाऱ्या इंजिनिअरला इस्त्रीचा कंटाळा, दुसरं काय! पण मे महिन्यात पुण्यात सिग्नलला दोन मिनिटं बाइक थांबली की हेच शर्ट पाठीला चिकटतात. लेबलवर तर '१०० टक्के कॉटन' लिहिलंय. मग भानगड काय?

भानगड फिनिशिंगमध्ये आहे. सुती कापड चुरगळतं, कारण ओलाव्याने सेल्युलोजच्या साखळ्या सरकतात आणि नव्या जागी अडकून बसतात. म्हणून कारखान्यात रेझिन लावून त्या एकमेकींना बांधून टाकतात. सुरकुत्या गेल्या खऱ्या, पण धागा फुगायचाही कमी होतो आणि घाम कमी शोषतो.

बरं, घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळायला हवा. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा साधारण ३५ अंशांच्या, म्हणजे कातडीच्या तापमानाच्या वर गेली की शरीराकडे थंड व्हायचा हा एकच मार्ग उरतो. ठिबकून गेलेला घाम फुकट.

पॉलिएस्टर तर वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के ओलावा धरतं, कापूस साधारण ८.५ टक्के. स्पोर्ट्स टी-शर्ट पॉलिएस्टरचा असूनही चालतो, कारण त्याची वीण किंवा फिनिश घाम पसरवतं. त्यावर आपण हौसेने सॉफ्टनर ओततो आणि त्याच्या थराने तेही बिघडवतो!

असो. माझा प्रॉब्लेम पंधरा मिनिटांचा, पुढे ऑफिसचा एसी आहेच. पण गेटवरचे वॉचमनकाका? जाड पॉलिएस्टरचा युनिफॉर्म, वर टाय आणि कॅप, बारा तास. गेल्या एप्रिलमध्ये ते भर दुपारी चक्कर येऊन पडले. ग्लुकोजचं पाणी दिलं, दोन दिवस सुट्टी दिली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच युनिफॉर्म.

मी ॲडमिनला मेल टाकला, उन्हाळ्यापुरता टाय काढा, सैल सुती शर्ट द्या. उत्तर आलं, "सुती चुरगळतो, प्रोफेशनल दिसत नाही."

माझं म्हणणं एवढंच, की युनिफॉर्मचं कापड ठरवणाऱ्याने ते घालून एक दुपार गेटवर उभं राहावं. मग सही करावी. सोमवारी हाच मेल पुन्हा पाठवतोय, या वेळी टीममधल्या सगळ्यांच्या नावाने.