प्रयोगशाळेतील रानम्हैस

डिसेंबर २०१४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत, छत्तीसगडच्या ‘आशा’ या रानम्हशीच्या पेशींपासून ‘दीपाशा’ हे क्लोन पारडू जन्मले. आपल्या शास्त्रज्ञांचे हे कौशल्य निःसंशय अभिमानास्पद होय. परंतु क्लोन म्हणजे एकाच मादीच्या जनुकांची पुनरावृत्ती. त्याने वंशात वैविध्य येत नाही. कळप आणि कुरण नसेल, तर रानम्हैसही गोठ्यातलीच ठरते. गडचिरोलीच्या कोलामार्क्यात रानम्हशींसाठी राखलेले जंगल म्हणूनच अधिक मोलाचे आहे. ठाणे, कल्याण-डोंबिवलीकरांनीही यातून बोध घ्यावा. येऊरचा बिबट्या टिकला, तो जंगल उरले म्हणून. उद्या जंगलच संपले आणि प्रयोगशाळेने बिबट्या घडवून दिला, तर तो सोडायचा कोठे?