बिया एप्रिलमध्ये, रोपं जूनमध्ये

आपल्या मंडळाचं रोपवाटप दरवर्षी एप्रिलमध्ये होतं. बर्फ नुकताच वितळलेला असतो आणि पाच-सहा महिने घरात काढलेल्या माणसांना मातीत हात घालायची ओढ लागलेली असते. कार्यकर्ते स्वतःच्या तळघरात, दिव्यांखाली टोमॅटो-मिरचीची रोपं वाढवून आणतात. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही सांगावंसं वाटतं की मिनेसोटाच्या उत्तर भागात, डुलुथच्या आसपासच्या खेड्यांत राहणाऱ्या आमच्या घरांसाठी ही तारीख चुकीची आहे. एप्रिलमध्ये बिया वाटाव्यात. रोपं जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यावीत.

कारण जमिनीतच आहे. राज्याच्या बांधकाम नियमांप्रमाणे दक्षिणेत पाया ४२ इंच खोल न्यावा लागतो, आमच्या उत्तरेत ६० इंच. थंडी जमिनीत इतकी खोल उतरू शकते. वसंतात वरची माती आधी मोकळी होते, पण तिच्याखाली गोठलेला थर असतोच. बर्फाच्या पाण्याला खाली वाट मिळत नाही आणि सगळं अंगण चिखलाने भरतं. डुलुथच्या दक्षिणेला तर हिमयुगातल्या सरोवराच्या तळाची लाल चिकणमाती आहे. तिच्यात एप्रिलच्या एखाद्या शनिवारी भाड्याचा टिलर फिरवला की मोठी ढेकळं निघतात आणि वाळल्यावर विटांसारखी होतात. ते नुकसान पुढे दोन-तीन हंगाम निस्तरावं लागतं.

वाफसा आल्याशिवाय रानात औत घालायचं नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. मूठभर माती घेऊन दाबायची आणि त्या गोळ्याला बोटाने टोचायचं. गोळा भुगा होऊन फुटला तर काम सुरू करायचं. बोटाचा नुसता ठसा उमटला तर थांबायचं. हीच परीक्षा इथेही तंतोतंत लागू पडते. देश बदलला म्हणून हे शहाणपण विसरायचं कारण नाही.

‘मुळात हंगाम एवढासा, मग लवकर लावायला नको का?’ हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे फ्रॉस्टची भीती मेच्या अखेरपर्यंत असते. सखल, दलदलीच्या जागी जूनमध्येही एखादी रात्र दगा देते. सुपीरियर सरोवराच्या काठी वसंतात गार वारा हटत नाही. पण थंड जमिनीत रोप लवकर खोचल्याने हंगाम वाढत नाही. टोमॅटोला मातीचं तापमान ६० अंश फॅरनहाइटच्या वर लागतं. भेंडीचं बी ६५ अंशांच्या खाली धड उगवत नाही. ओल्या गारठ्यात ते कुजून जातं. मेच्या मध्यावर लावलेलं टोमॅटोचं रोप फ्रॉस्टमधून वाचलं, तरी जांभळट पानं घेऊन तिथल्या तिथे खुरटून राहतं. जूनमध्ये उबदार मातीत गेलेलं रोप त्याला बघता बघता गाठतं.

हंगाम वाढवायचा तो घराच्या आत. टोमॅटोचं बी लावणीच्या सहा ते आठ आठवडे आधी पेरतात. जूनच्या पहिल्या आठवड्यातून तेवढे आठवडे मागे मोजले की एप्रिलच येतो! म्हणजे मंडळाचा एप्रिलमधला कार्यक्रम हवाच आहे, फक्त त्यात बी, कुंडीची माती आणि पेरणीची माहिती मिळावी. ६०-६५ दिवसांत फळ देणाऱ्या जाती निवडाव्यात. बाहेर लावण्याआधी आठवडा-दहा दिवस रोपांना रोज थोडं थोडं ऊन-वारं दाखवणं, हे तर ज्याच्या त्याच्या घरीच व्हायला हवं. त्याच पाकिटांत मेथी, पालक, मुळा, मटार आणि कोथिंबीर यांचंही बी द्या. यांना गारवा मानवतो. मेमध्ये वाफसा आला की ती थेट जमिनीत पेरता येतात. कोथिंबीर तर उन्हाळा तापला की फुलावर जाते, तिला उशीर करून चालतच नाही.

७ जूनच्या सुमारास मृग लागतो. महाराष्ट्रात तेव्हा खरिपासाठी पावसाची वाट पाहत असतात आणि त्याच आठवड्यात आमच्या जमिनीत भेंडी, काकडी, घेवडा टाकण्याजोगी ऊब येते. मृगाच्या मुहूर्तावर रोपवाटप करायला आणखी कोणतं निमित्त हवं?

मग मे महिन्यात काय करायचं? जमिनीची आणि आवाराची कामं. पहिलं काम कुंपणाचं. हरणाला अडवायचं तर ते आठ फूट उंच हवं. खांब उथळ पुरले तर हिवाळ्यात फुगणारी जमीन त्यांना वर ढकलते आणि दोन-तीन वर्षांत कुंपण वाकडं होतं. खड्डे घेण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करा. जमिनीखालच्या सार्वजनिक वाहिन्या ते फुकट आखून देतात. विहिरीपासून शेडपर्यंत तुम्ही स्वतः टाकलेली लाइन मात्र तुम्हीच लक्षात ठेवायची. सेप्टिकचं पाणी जिथे मुरतं तिथे भाजी लावू नका, झाड लावू नका, त्या ओल्या जागेवरून गाडी तर नेऊच नका. सफरचंदाची झाडं मात्र मेमध्ये लावून घ्यावीत. १९२२ चं हॅरल्सन आणि १९९१ चं हनीक्रिस्प या दोन्ही जाती मिनेसोटा विद्यापीठाने याच थंडीसाठी तयार केल्या. दोन वेगळ्या जाती जवळ लावा, म्हणजे फळ धरेल. आणि बुंध्याभोवती जाळी बांधा, नाहीतर हिवाळ्यात ससे साल सोलून खातात.

एका बाबतीत मी विनवणीच करीन: पाला पेटवू नका. कोकणातून आलेल्यांना हे काम ओळखीचं आहे, तिथे पावसाआधी राब भाजून भाताचा तरवा टाकतात. इथे बर्फ गेल्यापासून हिरवळ येईपर्यंतचे आठवडे वणव्याचे असतात, कारण मागल्या वर्षीचं सगळं गवत वाळून उभं असतं. जमिनीवर तीन इंच बर्फ नसेल तर परवान्याशिवाय पाला जाळता येत नाही, आणि वसंतात परवानेही बंद होऊ शकतात. मे २०२५ मध्ये आमच्याच सेंट लुईस काउंटीत ब्रिमसन परिसरातली घरं वणव्यात गेली. भिंतींलगतचा पाला ओढून कंपोस्टच्या ढिगावर टाका. आमच्या चिकणमातीला त्याहून चांगलं खत नाही.

ट्विन सिटीजमधल्या सभासदांना जूनपर्यंत थांबायची गरज नाही, त्यांना मेचा तिसरा आठवडा पुरेसा आहे. म्हणून माझी सूचना अशी: एप्रिलमध्ये सगळ्यांना बी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात शहरात रोपवाटप आणि जूनच्या पहिल्या शनिवारी उत्तरेत. उत्तरेकडच्या वाटपासाठी आमचं अंगण आणि दोन लांब टेबलं द्यायला मी तयार आहे. कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्यावा.