सातबाऱ्यावर न दिसणारा बोजा

कर्जत-खालापूर पट्ट्यात शेतघरे वाढली, तशी लॅब्रॅडॉर कुत्रीही वाढली. पिल्लू घेताना हौशी मंडळी वंशावळीचा कागद मोठ्या अभिमानाने दाखवतात. बँकेत जमिनीवर कर्ज देताना मी सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचत असे, कारण बोजा तिथे नोंदलेला असतो. कुत्र्याच्या कागदावर आजोबा-पणजोबांची भारदस्त नावे असतात. बोजाचा रकाना नसतो.

भिसेगावात फिरायला जाताना भेटणारा एक लॅब्रॅडॉर दिवसा चेंडू अचूक झेलतो, दिवेलागणीला मात्र पायरीशी अडतो. ‘भित्रा झालाय,’ असे मालक म्हणतात. डोळे तपासून घ्या, असे मी सुचवले आहे. या जातीत दृष्टिपटल हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार आढळतो. आधी अंधारात दिसेनासे होते, मग उजेडातही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून घरच्यांना उशिरा कळते.

त्याच्या एका प्रमुख प्रकारामागचा दोष २००६ साली सापडला : पीआरसीडी नावाच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले. तोच बदल अठराहून अधिक जातींत निघाला, आणि बांगलादेशातील एका माणसातही! आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच आजार होतो. एकाकडून आला तर कुत्रा नुसता वाहक, दिसायला धडधाकट, प्रदर्शनात बक्षिसे मिळवणारा. दोन वाहकांची जोडी जमली की प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता चारात एक. एकाच नामांकित नराकडे सगळे धावले आणि पुढे त्याच्याच नातवंडांत जुळवणी झाली, तर अशी गाठ पडणे सोपे होते. (आपण सगोत्र टाळतो, मामाची मुलगी मात्र चालते. जनुकांना गोत्र कळत नाही.)

म्हणून वाहकांना सरसकट बाद करणेही मला पटत नाही. तसे केल्यास आधीच आक्रसलेले रक्त आणखी आक्रसते. वाहकाला निर्दोष जोडीदार दिला, तर एकाही पिल्लाला हा आजार होत नाही. त्यासाठी चाचणी हवी. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला की झाले. हजारो रुपये मोजणारे गिऱ्हाईक दोन्ही पालकांचा अहवाल मागत नाही, मग विकणारा तरी तो कशाला काढील?

ज्यांच्या घरी कुत्र्याची नजर गेलीच आहे, त्यांनी खुर्च्या-टेबलांच्या जागा बदलू नयेत. वासावर आणि कानांवर तो घर चालवतो. आणि त्याची पिल्ले कोणी नेली असतील, तर त्यांना आजच कळवावे.