दुसऱ्या पाळण्याचा मान

पहिल्यांदा आई होणाऱ्या बाईला आपल्या भाषेत 'पहिलटकरीण' असा एक सुरेख शब्द आहे. तो उच्चारला की हिरवा चुडा, भरलेली ओटी, डोहाळजेवणाची फुलांची वाडी आणि भोवती घोटाळणाऱ्या चारचौघी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. दुसऱ्यांदा आई होणारीला मात्र असा शब्द नाही. गाईम्हशींना आहे. 'दुसऱ्या वेताची म्हैस' म्हटले की बाजारात तिचा भाव चढतो, कारण तिच्या दुधाचा अंदाज आलेला असतो. आपल्या घरांत सुनेचा भाव नेमका त्याच वेळी उतरतो, आणि हा उलटा व्यवहार मला फार दिवसांपासून खटकत आला आहे.

बडोद्यातील आपली जुनी मराठी घरे रीतिभाती सांभाळण्यात कोणाला हार जाणारी नव्हेत. दांडिया बाजारात किंवा बाबाजीपुऱ्यात वाढलेल्या कोणत्याही आजीला विचारा. पाचवी, सहावी, बारावा सारे ती घडाघडा सांगेल. परंतु त्याच आजीपाशी दुसऱ्या खेपेचा विषय काढा. "तिला काय नवीन आहे? एक झालेले आहे ना!" एवढ्यावर गोष्ट संपते. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण पहिल्या खेपेचे. दुसऱ्या खेपेला साधी ओटी भरली तरी पुष्कळ झाले. पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे सासरी. पहिल्या वेळी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू डबे भरभरून येतात, शेजारच्या गुजराती बेन काटलू करून पाठवितात. दुसऱ्या वेळी लाडू होतात, नाही असे नाही, परंतु ते बाळंतिणीपेक्षा येणारे-जाणारेच जास्त खातात.

दुसरे बाळंतपण सासरी करण्याच्या रीतीत पूर्वी काही गैर नव्हते, हेही सांगितले पाहिजे. थोरल्याची शाळा बुडू नये, सुनेचे मन दोन घरांत ओढले जाऊ नये, असा त्यात पोक्त विचार होता. सासर म्हणजे वाडा होता. जावा होत्या, चुलत सासूबाई होत्या, न्हाऊमाखू घालणारी बाई दारात यायची, आणि थोरले पोर दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या कडेवर असायचे. माझे दुसरे बाळंतपण असेच झाले. १९८५ साल होते. सव्वा महिना मला पाण्याचा तांब्या उचलावा लागला नाही.

तो वाडा आता नाही. त्याच्या जागी दुकाने झाली. मुले गोत्रीला, मांजलपूरला फ्लॅट घेऊन राहतात. वाडा गेला, पण त्याच्या भरवशावर बेतलेली रीत तेवढी मागे राहिली. आजची दुसरेपणाची बाळंतीण सासरी असते म्हणजे दोन खोल्यांत एकटी असते. नवरा दहाव्या दिवशी कामावर जातो, आणि तिला तान्हे सांभाळून तीन वर्षांच्या थोरल्याचा डबा भरावा लागतो. तिला विश्रांती पहिल्या खेपेपेक्षा कमी लागते, हा शोध कोणी लावला?

वैद्यकशास्त्राने तरी लावलेला नाही. दुसऱ्या खेपेस कळा बहुधा लवकर आटोपतात, हे खरे. म्हणून तर दवाखान्यात निघताना अधिक सावध राहावे लागते. "पहिल्या वेळी अठरा तास लागले होते, अजून वेळ आहे" हा हिशेब रिक्षातच चुकू शकतो. नंतर गर्भाशय आकसताना ज्या कळा येतात, त्या पहिलटकरणीला फारशा जाणवत नाहीत. दुसऱ्या खेपेपासून त्या वाढतात, आणि बाळ अंगावर पिऊ लागले की विशेष जाणवतात. ती कण्हते तेव्हा नाजूकपणा करीत नसते. आणि रक्तगटाची गोष्ट तर प्रत्येक घरात माहीत असावयास हवी. आईचा गट 'आर-एच निगेटिव्ह' आणि बाळाचा 'पॉझिटिव्ह' असेल, तर पहिले बाळ बहुधा सुखरूप जन्मते. परंतु त्या वेळी आईच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार होतात, ती पुढच्या बाळावर उठतात. पहिल्या बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत 'अँटी-डी'ची सुई दिली म्हणजे हे टळते. ही सुई १९६० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आली. त्याआधी एक मूल धडधाकट आणि त्याच्या पाठची जाताहेत, अशी जी घरे दिसत, त्यांपैकी काहींचे दुःख हेच असले पाहिजे, आणि त्यासाठी दृष्ट मात्र शेजारणीची लागलेली असे! दोन बाळंतपणांतील अंतराचेही तसेच. एका जन्मानंतर निदान दोन वर्षे पुढचा गर्भ राहू देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे, ते आईचे अंग भरून यावे म्हणूनच.

कायदा तरी आपल्यापेक्षा शहाणा निघाला. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार बाईला बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, ती पहिल्या मुलाला आणि दुसऱ्यालाही सारखीच. तिसऱ्यापासून १२ आठवडे. केंद्र सरकारच्या नोकरीतील बापालाही दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची रजा आहे. दिल्लीला जे उमगले ते आपल्या स्वयंपाकघराला उमगू नये?

शिवाय काळ बदलला आहे. आमच्या आजीला आठ मुले झाली. त्यांतील दुसऱ्याचा निराळा सोहळा तिने कोठवर करावा? आज २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे गुजरातेत एका स्त्रीमागे मुलांची सरासरी १.९ आणि महाराष्ट्रात १.७ अशी आहे. म्हणजे ज्या घरात दुसरे येते तेथे बहुधा तेच शेंडेफळ. त्या बारशानंतर पाळणा माळ्यावर जातो आणि पंचवीस-तीस वर्षे खाली उतरत नाही. घरातला हा शेवटचा पाळणा 'आता पुन्हा कशाला' म्हणून उरकून टाकण्यात कोणती काटकसर साधते?

एक गोष्ट अवघड आहे, पण बोलली पाहिजे. दुसऱ्या खेपेचा उत्साह कमी असतो असे म्हणताना आपण थोडी लबाडी करतो. पहिली मुलगी असून दुसरा मुलगा झाला, तर उत्साह कोठून कोठून गोळा होतो! रावपुऱ्यातून पेढे येतात, आणि "पाठीवर भाऊ आणलास" म्हणून तीन वर्षांच्या पोरीची पाठ थोपटली जाते. दुसरीही मुलगीच झाली, की "हल्ली सगळे सारखेच" असे म्हणत जिलेबीचा अर्धा किलो आणतात, आणि बारशाला सोयीचा दिवस काही सापडत नाही. आपण स्वतःला सुधारलेल्या संस्थानचे रहिवासी म्हणवितो. महाराज सयाजीरावांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे केले, त्यात मुलीही होत्या, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने ऐकवितो. त्या अभिमानाला साजेसे बारसे दुसऱ्या मुलीचे झाले पाहिजे. सरकारी मातृवंदना योजना पूर्वी पहिल्याच बाळापुरती होती. २०२२ मध्ये ती दुसऱ्या बाळालाही लागू झाली, पण ते बाळ मुलगी असेल तरच, आणि रक्कम ६००० रुपये. हेतू चांगला आहे. परंतु आपल्या पोटच्या पोरीच्या स्वागतासाठी सरकारने पैसे मोजावेत, ही गोष्ट मला काही भूषणावह वाटत नाही.

राहता राहिले थोरले मूल. 'पाठचा भाऊ', 'पाठची बहीण' हे आपले शब्द पाहा. दुसऱ्याचे नातेच मुळी पहिल्याच्या पाठीशी जोडलेले आहे. आणि प्रत्यक्षात त्या पहिल्याला आपण सोहळ्यातून हळूच बाजूला सारतो. माझी मुलगी झाली तेव्हा थोरला चार वर्षांचा होता. मुलांना आत सोडायचे नाही असा त्या इस्पितळाचा नियम. तो तीन दिवस आजोबांचे बोट धरून अंगणातल्या लिंबाखाली उभा राहायचा आणि मी गजांतून हात हलवायची. घरी आल्यावर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या चुलत सासूबाईंनी मुलीला पाळण्यात ठेवायला लावले, माझी मांडी रिकामी करविली, आणि मगच त्याला खोलीत पाठविले. आधी तो मांडीवर बसला. पाळण्यात डोकावला नंतर, आपल्या मनाने. त्या बाई चार इयत्ता शिकलेल्या होत्या. याच शहरात, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, विद्यापीठात १९५० मध्ये गृहविज्ञानाची शाखा निघाली आणि पुढे बालविकासाचे पुष्कळ शिक्षण तेथे झाले. त्या शिक्षणाला सासूबाईंची ही युक्ती परकी वाटली नसती.

"आता तू मोठा झालास" हे वाक्य मात्र त्या दिवसांत कोणी उच्चारू नये. तो मोठा झालेला नसतो. आणि पहिल्याची जुनी झबली दुसऱ्याला घालतात म्हणून हळहळण्याचेही कारण नाही. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती झबले तान्ह्याच्या अंगाला नव्यापेक्षा बरे. उलट ते झबले थोरल्याच्या हातून द्यावे.

आपल्या बारशात थोरल्याला ठरलेले काम नाही. वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून देतात बायका. नाव ठेवते आत्या. गुजराती शेजाऱ्यांकडे छठ्ठीला पाहा. बाळाला रेशमी वस्त्राच्या झोळीत ठेवतात, तिची चार टोके घरातली मुले धरून झुलवितात आणि फोई नाव ठेवते. झोळीचे एक टोक थोरल्याच्या मुठीत असते. इतक्या पिढ्या शेजारी राहून आपण त्यांच्याकडून खांडवी घेतली, उंधियो घेतला. ही झोळी घ्यायला काय हरकत होती? पुढच्या महिन्यात आमच्या घरी दुसऱ्या नातवंडाचे बारसे आहे. मी पैठणी काढून ठेवली आहे. थोरल्या नातीला तिचे टोक नेमून दिले आहे, उरलेली तीन टोके चुलत-मावस भावंडांत वाटली आहेत, आणि कोणी कोठे उभे राहायचे यावरून त्यांची आताच भांडणे सुरू झाली आहेत. नाव ठेवताना आत्याच्या पाठीत बसणारे धपाटे मात्र आपले मराठीच राहतील.