मॅगीतलं शिसं वाईट, सागोतीतलं चांगलं?

२०१५ साल आठवतंय? मॅगीत शिसं जास्त निघाल्याच्या अहवालावरून देशभर बोंब झाली. मर्यादा होती दहा लाख भागांत अडीच भाग. आमच्या बाजारपेठेतली पाकिटं रातोरात आत गेली. बातमी मीच केली होती.

त्याच वर्षी एका वाडीवर रानडुकराच्या सागोतीचा वाटा खाल्ला. दाताखाली कट्टकन काहीतरी आलं. छर्रा! थुंकला. सगळे हसले, मीही हसलो. तो छर्रा म्हणजे जवळजवळ सगळं शिसंच. त्याची बातमी मात्र मी केली नाही.

मंडळी, छर्रा थुंकला म्हणजे सुटलो असं नाही. शिसं मऊ. हाडावर आपटलं की त्याचे बारीक कण मांसात लांबपर्यंत पसरतात. डोळ्याला दिसत नाहीत, दाताला लागत नाहीत, शिजवून जात नाहीत. उलट आंबटात शिसं जास्त विरघळतं, आणि आपण तर वर कोकम टाकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, गरोदर बाईकडून ते पोटातल्या बाळाला जातं. आणि मऊ तुकडे निवडून आपण वाढतो कुणाला? पोरांनाच.

रानात जखमी होऊन मेलेलं डुक्कर, टाकलेली आतडी कोण खातं? कोल्हे, गिधाडं. डायक्लोफिनॅकने गिधाडं संपत आली तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं. अमेरिकेत कॉन्डॉर, म्हणजे तिकडचं गिधाड, शिशाने मरतं. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. डेन्मार्कने शिशाचे छर्रे १९९६ लाच बंद केले. तिथली शिकार काही थांबली नाही, पोलादी छर्रे आले, तांब्याच्या गोळ्या आल्या.

आता कोणीतरी म्हणणार, "पत्रकारसाहेब, शेतकऱ्याचं बोला." बोलतोच. मीही शेतकऱ्याचाच पोर. एका रात्रीत लोळवलेलं भात बघून आई बांधावर बसून रडलेली मी पाहिलीय. म्हणून तर म्हणतो, भरपाई वेळेत द्या. डुक्कर मारायचीच वेळ आली तर वनखात्याने रीतसर परवानगीने, तांब्याची गोळी वापरणारा नेमबाज पाठवावा. मेलेलं जनावर खोल पुरावं. चोरून मारायचं आणि वाटे घालायचे, हे कायद्यातही बसत नाही आणि अंगालाही लागत नाही.

मॅगी बंद करायला दिल्ली लागली. हा वाटा नाकारायला आपण पुरेसे आहोत.

पटलं तर वाडीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.