फेस फार, चव गार

घरगुती शास्त्राच्या या सदरात आजवर दह्याचे विरजण, लोणच्यावरची बुरशी आणि कुकरची रुसलेली शिट्टी येऊन गेली. दिवाळी अंकासाठी विषय चालून आला तो मात्र जरा अवघड: बिअर! सोवळ्यातल्या वाचकांनी नाक मुरडण्यापूर्वी एक खुलासा करतो. परवान्यावाचून घरी मद्य करणे हा आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोणी चुलीवर पातेले चढवू नये. अमेरिकेत मात्र १९७८ साली कायदा बदलला आणि घरच्यापुरती बिअर घरी करायला तिथल्या केंद्र सरकारची हरकत उरली नाही. त्यामुळे आपण रविवारी चकल्या पाडाव्यात तशी तिकडे गेलेली आपली मुले रविवारी बिअर करतात.

शिकागोजवळ राहणारा माझा पुतण्या त्यांतलाच. मी स्वतः उमेदीची वर्षे इथल्या वाळूजमधील एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून नातेवाइकांत मी ‘बाटलीवाले काका’. (मी फक्त ताक पितो, हे कोणी ऐकूनच घेत नाही.) गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. “काका, दिवाळीला पंचवीस माणसं जेवायला येणार आहेत आणि पिंपातली सगळी बिअर बिघडली. ओतून देऊ का?”

पिंप १९ लिटरचे. आणि ‘ओतून देऊ का’ हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला विचारायचा नसतो. एका लिटर बिअरमागे चांगल्या कारखान्यातही तीन-चार लिटर पाणी खर्ची पडते. घरच्या धुण्या-विसळण्यात त्याहून पुष्कळ अधिक. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्याच्या कारखान्यांचे पाणी निम्म्याहून अधिक तोडण्याचा आदेश दिला. जायकवाडीचा तळ ज्यांनी पाहिला, त्यांचा हात मोरीकडे सहजी वळत नाही. मी त्याला म्हणालो, “थांब. आधी रोग सांग, मग तिरडी बांधू.”

रोग तीन निघाले. पहिला असा की तोटी उघडली की पेलाभर नुसता फेस, आणि फेस बसल्यावर उरलेली बिअर पाणचट, बुडबुड्यावाचून. वरवर हे उलटसुलट वाटते. पण द्रवात किती वायू विरघळेल हे दोन गोष्टींवर ठरते, थंडावा आणि दाब. दाबाचा नियम हेन्री नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये मांडला. बिअर ३ अंशांवर असेल आणि वर १२ पौंडांचा दाब असेल, तर ती आपल्या आकारमानाच्या अडीचपट कार्बन डायऑक्साइड पोटात ठेवते. तोच दाब ठेवून बिअर १० अंशांवर आणली तर जेमतेम दुप्पट. १२ पौंड म्हणजे किती, तर सुमारे साडेआठ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार. आमच्या पाणचक्कीवर उंचावरून पडणाऱ्या पाण्याखाली ज्याने हात धरला असेल, त्याला अंदाज येईल.

पुतण्याने घाईपोटी दाब ३० पौंडांवर नेला, पिंप गदागदा हलवले, आणि त्याच दाबावर मीटरभर नळीतून पेला भरू लागला! एवढा दाब एवढ्या तोकड्या नळीत मावळत नाही. बिअर तोटीवर आदळते, वायू तिथेच निसटतो, फेस होतो आणि जिभेला लागायला काही उरत नाही. उपाय सोपा: सिलिंडर बंद करायचा, झाकणावरची कळ दिवसातून चार-सहा वेळा ओढून जादा वायू सोडायचा, मग १२ पौंडांवर आठवडाभर स्वस्थ ठेवायचे. नळी बारीक भोकाची आणि तीन मीटर लांब घ्यायची. थर्मामीटर फ्रिजच्या हवेत नव्हे, पाण्याच्या पेल्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचा. हवा थंड असली तरी पिंप थंड झालेले असतेच असे नाही. सांध्यांना साबणाचे पाणी लावले की गळती दिसते. आणि ही गळती नुसती पैशाची नव्हे. सिलिंडर बिनखिडकीच्या तळघरात होता. हा वायू हवेहून जड, बिनवासाचा. खाली साचतो आणि माणूस गुंगून पडतो. सिलिंडर त्याच रात्री वर आणवला. बाकीचे उपाय नंतर.

दुसरा रोग लोण्याच्या वासाचा. लोण्याला आणि ताकाला जो सुवास येतो, तो डायअॅसिटिल नावाच्या पदार्थाचा; ताकात तो हवाहवासा, बिअरमध्ये नकोसा. यीस्ट त्याचे मूळ द्रव्य आंबताना सोडते आणि नंतर तयार झालेले डायअॅसिटिल स्वतःच खाऊन टाकते, मात्र ऊब आणि सवड मिळाली तर. पुतण्याने आंबणे थांबले न थांबले तोच पिंप गारठवले होते. ते बाहेर काढून, जरा हलवून, २० अंशांवर चार दिवस ठेवायला सांगितले. वास गेला.

तिसरा रोग सुनेने ओळखला. “काका, हिला दवाखान्याचा वास येतो,” ती म्हणाली. तो म्हणतो, तिला भास होतो. मला मात्र इथे खरी धास्ती वाटली, कारण हा वास क्लोरीनचा फिनॉलांशी संयोग होऊन येतो आणि एकदा बिअरमध्ये उतरला की कशानेही जात नाही. पाण्यातला क्लोरीन कारण असेल, तर सगळे पिंप गेले. दोन पेले भरायला लावले, एक तोटीतून, एक झाकण उघडून थेट पिंपातून. दुसऱ्याला वास नव्हता! म्हणजे दोष पाण्याचा नव्हे, नळीचा. ती ब्लीचने धुतलेली आणि नीट न विसळलेली. नळी नवी घातली. १९ लिटर वाचले, आणि सुनेचे नाकही एकदाचे मान्य झाले.

राहिला पेला. त्याला तुपा-तेलाचा नुसता हात लागला तरी फेस क्षणात बसतो, आणि चिवडा खाल्लेले ओठही तेच काम करतात. म्हणून पुतण्याला सांगितले आहे की फराळाची ताटे पिंपापासून लांब मांड आणि कागदी हातरुमाल भरपूर ठेव.